भाजलेल्या भाज्यांचं सूप: ग्वाल्हेरच्या थंडीत, घरातल्याच साधनांनी

थंडीत सूप घरोघरी होतं, पण बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीनं. टोमॅटो, गाजर, कांदा कुकरमध्ये, तीन शिट्ट्या, मिक्सर, गाळणी आणि वरून कॉर्नफ्लोअर. पोटात काहीतरी गरम जातं, एवढंच. चव लागत नाही म्हणून मग साखर, लोणी, सॉस असं एकेक वरून घालत बसावं लागतं. त्याच भाज्या आधी नीट भाजून घेतल्या तर यातलं काहीच लागत नाही. कारण साधं आहे. टोमॅटोत सुमारे ९४ टक्के पाणी असतं, लाल भोपळ्यात नव्वदीच्या वर, गाजरात ८८ च्या आसपास. हे पाणी आधी घालवायचं, भाजीला चांगला तांबूस रंग येऊ द्यायचा आणि मग आपल्याला हवं तेवढं पाणी परत घालायचं. या सुपाची सगळी करामत एवढ्यात आहे. पुढे जे काही सांगते आहे, ते हे नीट कसं साधायचं त्याबद्दल.

ग्वाल्हेरची थंडी पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना सांगून कळत नाही. डिसेंबर सरता सरता पारा ५ अंशांच्या खाली जाऊ लागतो, धुकं कधी कधी दुपारपर्यंत हटत नाही, आणि जुन्या दगडी घरांच्या भिंती दिवसभर गारच असतात. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली, तिचाच पुढे शहराचा लष्कर हा भाग झाला. त्या छावणीबरोबर आलेल्या मराठी घरांनी सार, कढी, आमटी सोडली नाही. वाटी तोंडाला लावून गरम प्यायचं, ही सवय आपली जुनीच आहे. आणि भाजण्याचं म्हणाल तर या भागात गोवऱ्यांवर बाटी आणि निखाऱ्यात वांगं-टोमॅटो भाजून भरीत करणं कुणाला शिकवावं लागत नाही. त्यामुळे हे सूप आपल्या स्वयंपाकघरात परकं नाही.

भाज्या कोणत्या आणि किती

चौघांना पोटभर, शिवाय एखाद-दुसरी वाटी उरेल इतक्या सुपासाठी हे प्रमाण घ्या: टोमॅटो ६०० ग्रॅम, साल काढलेला लाल भोपळा ३५० ग्रॅम, लाल गाजरं ३०० ग्रॅम, मध्यम आकाराचे दोन-तीन कांदे म्हणजे साधारण २०० ग्रॅम, एक ढोबळी मिरची, लसणाचा एक अख्खा गड्डा. तेल तीन मोठे चमचे. मीठ, मिरी, जिरं, आलं आणि शेवटी थोडं तूप. घट्टपणासाठी वेगळं काही नको, ते काम भोपळा करतो.

लक्ष्मीगंजच्या मंडीत किंवा दारावर येणाऱ्या ठेल्यावर भोपळा घेताना आधी कापलेली फोड बघा. गर गडद केशरी हवा, बिया फुगलेल्या हव्यात. फिकट पिवळा गर असेल तर तो भाजीला चालेल, सुपाला नाही. त्याला गोडी नसते आणि भाजताना नुसतं पाणी सोडतो. “भैया, पका कद्दू देना, लाल गूदे वाला,” असं स्पष्ट सांगितलं की ठेलेवाला बरोबर फोड काढून देतो.

गाजरं आपल्याकडच्या थंडीतली लाल, लांब, देशीच घ्या. केशरी गाजर बारा महिने मिळतं, पण लाल गाजराला रस जास्त आणि गोडी वेगळी. टोमॅटोला लाल करणारं जे लायकोपीन, तेच या गाजरातही असतं, त्यामुळे सुपाचा रंग दोन्ही बाजूंनी खुलतो. फार जाड गाजरं घेऊ नका, त्यांच्या मधला पिवळट दांडा लाकडासारखा निघतो. अंगठ्याएवढी जाडी पुरे.

टोमॅटोत पंचाईत असते. गोल, आंबट, पातळ सालीचा देशी टोमॅटो चवीला उजवा, पण रस फार सोडतो. लांबट, जाड सालीचा टोमॅटो भाजायला सोपा, चवीला थोडा सपक. मी दोन्ही निम्मे-निम्मे घेते. नुसते देशी मिळाले तरी अडत नाही, फक्त भाजायला दहा मिनिटं जास्त धरा.

ढोबळी मिरची लाल मिळाली तर उत्तम, हिरवी असेल तर अर्धीच घाला. भाजलेल्या हिरव्या मिरचीचा कडवटपणा सगळ्या सुपावर चढतो.

चिरण्याआधी

थंडीत नळाचं पाणी बर्फासारखं असतं, म्हणून भाज्या पटकन धुऊन तशाच ओल्या चिरायला घेतल्या जातात. तसं करू नका. धुतलेल्या भाज्या जाड पंचावर पसरून ठेवा आणि एकेक पुसून कोरडी करा. ऊन असेल तर गच्चीवर अर्धा तास. भाजीच्या अंगावर पाणी आहे तोवर तिचा पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जात नाही, आणि तांबूस रंग यायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. साधारण १४० अंशांच्या पुढे भाजीतली साखर आणि प्रथिनांचे घटक एकमेकांवर काम करू लागतात आणि तो खमंग वास सुटतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये ही प्रक्रिया मांडली, म्हणून तिला त्यांचं नाव आहे. पावाचा कवच, भाजलेले शेंगदाणे, भाकरीवरचे तांबूस डाग, सगळीकडे तीच. ओल्या भाजीत मात्र सगळी आच पाणी उडवण्यातच खर्च होते.

गाजरं तिरकी, बोटाच्या अर्ध्या पेरावर चिरा. भोपळ्याचे तुकडे इंचभर चौकोनी. कांद्याच्या मोठ्या फाका, मुळाकडचा भाग थोडा ठेवून, म्हणजे पाकळ्या सुटत नाहीत आणि कडा करपत नाहीत. टोमॅटो आडवे अर्धे. ढोबळी मिरचीच्या बिया काढून मोठे चौकोन. लसणाच्या गड्ड्याचा शेंडा सुरीनं उडवा, म्हणजे पाकळ्यांची तोंडं उघडी दिसतील, त्यावर चमचाभर तेल सोडा आणि फॉइलमध्ये सैल गुंडाळा.

तेलाबद्दल

शेंगदाण्याचं तेल या कामाला सगळ्यात भरवशाचं. वास सौम्य, आणि एवढ्या आचेला टिकतं. मोहरीचं तेल आपल्याकडे मुरैनेकडून चांगलं येतं, पण या मिश्रणात त्याचा उग्रपणा टोमॅटोवर मात करतो. ते फ्लॉवरसाठी राखून ठेवा, त्याबद्दल पुढे सांगते. तेल फार नको. भाज्या परातीत घेऊन हातानं चोळा, प्रत्येक फोडीला चकाकी आली की पुरे. परातीच्या तळाशी तेल साचलं तर जास्त झालं. थोडं तेल असावंच, कारण गाजर-टोमॅटोमधले रंगद्रव्यांचे पोषक घटक शरीरात शोषले जायला सोबत स्निग्ध पदार्थ लागतो.

मीठ अर्धा चमचा, तेही ट्रे आत जाण्याच्या अगदी आधी. आधीपासून लावून ठेवलं तर भाज्या पाणी सोडून बसतात.

ओटीजीमध्ये भाजणं

ओटीजी, म्हणजे विजेवरचा घरगुती ओव्हन, २०० अंशांवर, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू ठेवून, १५ मिनिटं तापू द्या. थंडीत स्वयंपाकघर इतकं गार असतं की दहा मिनिटांत दिवा गेला तरी आतला पत्रा पुरता तापलेला नसतो. बहुतेक घरगुती ओटीजी १२०० ते २००० वॅटचे असतात, म्हणून १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावा आणि त्याच वेळी गीझर किंवा हीटर चालू नाही ना ते पाहा. जुन्या वायरिंगच्या घरात तिन्ही एकदम सुरू झाले की बटण खाली पडतं, आणि निम्म्यात थांबलेली भाजी मऊ पडते, रंग धरत नाही. मायक्रोवेव्ह असेल तर फक्त कन्व्हेक्शनवर. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये भाजी आतून वाफवली जाते, ती भाजल्यासारखी होत नाही.

ट्रे अॅल्युमिनियमचा असेल तर त्यावर बेकिंग पेपर घाला. टोमॅटोचा आंबटपणा अॅल्युमिनियमला लागला की चवीत धातूचा कडूपणा उतरतो. घरातलं जाड बुडाचं, पसरट स्टीलचं ताट ओटीजीत बसत असेल तर ते सगळ्यात चांगलं.

दोन खेपा करायच्या, यात आळस नको. पहिल्या खेपेत गाजर, भोपळा आणि कांदा. दुसरीत टोमॅटो, ढोबळी मिरची आणि लसणाची पुरचुंडी. टोमॅटो सगळ्यांत जास्त रस सोडतो, तो शेजारी असला की गाजरं त्या रसात उकडतात. आणि खेप कोणतीही असो, फोडी एका थरात, मध्ये बोट जाईल एवढं अंतर ठेवून. एकावर एक रचल्या तर खालच्या फोडींची वाफ वरच्यांना मऊ करते, आणि आपण कुकरच्याच सुपाकडे परत येतो.

पहिली खेप ३५ ते ४० मिनिटं. वीस मिनिटांनी एकदाच बाहेर काढून उलथन्यानं फोडी परता. सारखं दार उघडू नका, दर वेळी आतली उष्णता जाते. गाजराच्या कडा आक्रसून गडद व्हायला हव्यात, मधून सुरी सहज जायला हवी. भोपळ्याच्या खालच्या बाजूला तांबूस पापुद्रा येतो. कांद्याच्या टोकांना थोडा काळा रंग आला तर घाबरू नका, टोकंच असतील तर चव वाढते. फोड अर्धी काळी असेल तर मात्र ती काढून टाका. एक करपलेली कांद्याची फाक सगळं सूप कडू करते.

दुसरी खेप ४० ते ४५ मिनिटं. टोमॅटो कापलेली बाजू वर ठेवून मांडा, म्हणजे रस वाटीत राहिल्यासारखा आतच आटतो. मधोमध घट्ट, गडद लाल थर दिसू लागला, कडा सुरकुतल्या आणि ताटात सांडलेला रस चिकट झाला की झालं. ढोबळी मिरची दहा मिनिटं आधी काढून घ्या. गरम टोमॅटोची साल चिमटीत धरून ओढली तर अख्खी सुटून येते. मी लांबट टोमॅटोंच्या साली काढते, देशी टोमॅटोंच्या ठेवते, त्या पातळ असतात.

लसूण दाबून बघा. लोण्यासारखा मऊ झालेला असतो आणि पाकळी सालीतून पिळून निघते. कच्चा लसूण चिरला की त्यातलं एक विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि झणका तयार होतो. अख्खा गड्डा तापल्यावर ते विकर आधीच निकामी होतं, म्हणून एवढा अख्खा गड्डा सुपात जाऊनही झोंबत नाही, गोडसर लागतो. ज्यांच्या घरी लहान मुलं लसूण दिसला की वाटी सरकवतात, त्यांनी हे नक्की करून बघावं.

आधी दीड किलो असलेल्या भाज्या आता साधारण साडेनऊशे ते हजार ग्रॅम भरतात. घरात वजनकाटा असेल तर एकदा तोलून बघा. वजन फारसं उतरलेलं नसेल तर अजून दहा मिनिटं आत ठेवा.

ओटीजी नसेल तर

जाड लोखंडी कढई किंवा बिडाचा तवा यावर हेच सूप होतं, वेळही तेवढाच लागतो, फक्त शेजारी उभं राहावं लागतं. तवा मध्यम आचेवर नीट तापवा, चमचाभर तेल फिरवा आणि एका वेळी एकच भाजी. गाजरं आधी: पाच मिनिटं झाकण ठेवून मऊ होऊ द्या, मग झाकण काढून, न हलवता, चार-चार मिनिटं एकेका बाजूला ठेवा. हात शिवशिवतो, पण सारखं परतलं तर रंग येत नाही. मग भोपळा, मग कांदा. टोमॅटो शेवटी, इथे मात्र कापलेली बाजू खाली, आणि रस आटून तव्याला चिकटायला लागेपर्यंत जागचे हलवायचे नाहीत. लसणाच्या पाकळ्या सालीसकट तव्याच्या कडेला मंद आचेवर पडू द्या, अधूनमधून फिरवा.

कोळशाच्या शेगडीवर भाजलेल्या भाज्यांच्या सुपाला धुराचा जो वास येतो, तो ओटीजीत कधी येत नाही. कोळशांची ज्वाळा विझून वर पांढरी राख धरली की अख्खे टोमॅटो, सालीसकट कांदे आणि एखादं रताळं निखाऱ्यांच्या कडेला लावा, चिमट्यानं फिरवत राहा. वरची साल काळी झाली तर होऊ द्या, ती काढून टाकायचीच आहे. भोपळ्याची मोठी फोड सालीसकट जाळीवर ठेवा. गाजर मात्र निखाऱ्यावर बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं, ते तव्यावरच करा.

आणि हे कळकळीनं सांगते: शेगडी अंगणात, गच्चीवर किंवा उघड्या व्हरांड्यातच. स्वयंपाक झाल्यावर ऊब म्हणून ती खोलीत आणून दारं-खिडक्या लावून घेऊ नका. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि झोपेतल्या माणसाला तो कळतही नाही. उत्तरेतल्या थंडीत दर वर्षी यामुळे माणसं दगावतात. निखारे पाणी मारून विझवा आणि मगच झोपा.

पाणी कोणतं घालायचं

भाज्या भाजत असतात तेवढ्यात हे काम उरकतं. साधं गरम पाणीही चालतं, पण हिवाळ्यात मटारच्या शेंगा सोलल्यावर सालांचा जो ढीग राहतो, तो फेकू नका. दुपारी उन्हात बसून किलो-दोन किलो मटार सोलणं प्रत्येक घरी चालू असतंच. ताज्या, हिरव्यागार सालांचे देठ आणि कडेचे दोरे काढा, दोनदा धुऊन घ्या. दोन मुठी सालं, भोपळ्याच्या मधला तंतुमय गर, कोथिंबिरीच्या काड्या, आल्याचा चेचलेला तुकडा, पाच-सहा मिरे आणि एक लिटर पाणी. मंद आचेवर २० ते २५ मिनिटं उकळवा आणि गाळा. सालांना आतून चिवट पापुद्रा असतो, त्या वाटल्या तरी खाताना लागतात, म्हणून फक्त पाणीच घ्यायचं. चाखून बघा, ओल्या मटारची हलकी गोडी उतरलेली असते.

यात फ्लॉवरचे दांडे आणि कोबीची पानं घालू नका. जास्त वेळ उकळली की त्यांचा गंधकासारखा वास सगळ्या पाण्याला लागतो.

एकत्र आणणं

ट्रे बाहेर आला की भाज्या पातेल्यात काढा, पण ट्रे धुवायला टाकू नका. त्याच्या तळाशी चिकटलेला तांबूस थर म्हणजे या सुपाचा अर्क आहे. ट्रे गरम असतानाच त्यात पळीभर कढत पाणी घाला आणि लाकडी उलथन्यानं खरवडा. दोन मिनिटांत पाणी गडद तपकिरी होतं, ते सगळं पातेल्यात. बेकिंग पेपर घातला असेल तर तोही पळीभर पाण्यानं पुसून घ्या. काचेचा ट्रे असेल तर पाणी कढतच हवं, गार पाणी पडलं तर काच तडकते.

आता पिळून काढलेला लसूण आणि ७०० मिलीलिटर पाणी घाला, उकळी आली की आच मंद करून दहा-बारा मिनिटं ठेवा. फार उकळू नका, शिजायचं काही उरलेलं नाही, फक्त एकमेकांत मिसळायचं आहे.

वाटण्याचे दोन मार्ग आहेत. मिक्सर वापरणार असाल तर सूप कोमट होऊ द्या. कढत सूप भांड्यात भरून मिक्सर फिरवला की आत वाफ दाटते, झाकण उडतं आणि हात-तोंड भाजतं. घाई असेलच तर भांडं अर्ध्याहून कमी भरा, झाकणाच्या मधलं छोटं बूच काढून त्यावर जाड फडकं धरा आणि थांबत थांबत फिरवा. मिक्सरमधून सूप फिकट, फेसाळ दिसतं. त्यात हवा भरलेली असते, पुन्हा मंद आचेवर पाच मिनिटं ठेवलं की रंग परत येतो.

दुसरा मार्ग पुरणयंत्राचा, आणि माझा कौल त्याला आहे. बारीक जाळी लावा, भाज्या थोड्या रसासकट वर घाला आणि दांडा फिरवा. साली, बिया, गाजराचे धागे वर राहतात आणि खाली जो गर पडतो तो मऊ असूनही एकदम गुळगुळीत नसतो, जिभेला भोपळ्याचे बारीक कण जाणवतात. मिक्सरचं सूप गिळलं जातं, पुरणयंत्राचं चाखलं जातं. पुरणपोळीखेरीज वर्षभर माळ्यावर पडून राहणाऱ्या या यंत्राला थंडीत खाली काढा. वर उरलेल्या चोथ्यावर पुन्हा थोडं गरम पाणी घालून एकदा फिरवा, बरंच काही निघतं.

पळीवरून संथ ओघळेल एवढं दाट ठेवा. घट्ट वाटलं तर मटारचं पाणी आणखी घाला. पातळ झालं तर कॉर्नफ्लोअरकडे वळू नका, पाच-सात मिनिटं उघडं उकळू द्या.

चव नेमकी करणं

मीठ आता, एकूण चमचा-सव्वा चमचा लागेल. भाजलेल्या भाज्या इतक्या गोड होतात की मीठ घातल्यावरही काहीतरी कमी वाटतं. ती उणीव आंबटाची असते. चमचाभर लिंबाचा रस पिळून हलवा आणि पुन्हा चाखा. बहुतेक वेळा तेवढ्यानंच चव उठून उभी राहते. साखर कधीच लागत नाही.

छोट्या कढल्यात दोन चमचे तूप, अर्धा चमचा जिरं, खलबत्त्यात भरड कुटलेले सात-आठ मिरे आणि आल्याच्या बारीक काड्या. जिरं तडतडलं, आलं कडेला तांबूस झालं की फोडणी सुपावर ओता आणि लगेच झाकण ठेवा. हिंग यात नको, भाजलेल्या लसणाचा वास झाकला जातो. थंडीत मिळणारी ओल्या लसणाची पात बारीक चिरून वाढताना वर घाला. घरात तान्हं मूल असेल तर त्याच्यासाठी वाटीभर सूप मीठ आणि मिरी पडायच्या आधीच बाजूला काढा.

दूध घालू नका. टोमॅटोच्या आंबटपणानं गरम सुपात दूध फाटतं. मऊपणा हवाच असेल तर घरची साय फेटून, आच बंद केल्यावर, वाढताना चमचा-चमचा घाला. खरं तर भोपळा चांगला असेल तर तिची गरज पडत नाही.

सोबत काय? रात्रीचं जेवण म्हणून हेच करणार असाल तर बाजरीची भाकरी. मुरैना-भिंडकडे बाजरी भरपूर पिकते, पीठ ताजं मिळतं, आणि गरम भाकरीचा तुकडा या सुपात बुडवून खाल्ला की वेगळं काही लागत नाही. संध्याकाळचं खाणं असेल तर शिळ्या पोळीचे बोटभर तुकडे तव्यावर तुपात कुरकुरीत करून वर टाका. पावाचे तुकडे तळण्यापेक्षा हे हलकं आणि चवीला जवळचं. संक्रांतीच्या आसपास घरात भाजलेले तीळ असतातच, चिमूटभर वर भुरभुरवा. भोगीच्या भाजीसाठी आणलेली जास्तीची गाजरं आणि मटार या सुपात छान खपतात.

भाज्या बदलायच्या तर

फ्लॉवर आणि बटाट्याचं पांढरं सूप याच रीतीनं होतं, आणि तिथे मोहरीचं तेल शोभतं. फ्लॉवरचे मध्यम तुरे २०० अंशांवर ३० मिनिटं, तुऱ्यांची टोकं तपकिरी होईपर्यंत. यात टोमॅटो नसल्यामुळे दूध घातलं तरी चालतं. वर जायफळ किसा.

रताळं घालायचं तर भोपळ्याच्या जागी निम्मं घाला, त्यातला स्टार्च सूप फार दाट करतो. बीट घातलं की सगळं त्याच्याच रंगाचं आणि चवीचं होतं, म्हणून एखादी फोडच पुरे. पालक-मेथी भाजू नका, करपतात. पालक हवाच असेल तर शेवटच्या दोन मिनिटांत चिरून घाला. वांगं या मिश्रणात काळपट रंग आणतं, त्याचं भरीतच करावं.

उरलं तर

सूप दोन तासांच्या आत गार करून फ्रिजमध्ये ठेवा. मोठं पातेलं तसंच बाहेर राहू दिलं तर मध्यभागी ते बराच वेळ कोमट राहतं आणि बिघडतं, ग्वाल्हेरच्या जानेवारीतही. उथळ डब्यांमध्ये वाटून ठेवलं की लवकर गार होतं. तीन दिवस चांगलं राहतं. फोडणी आणि साय न घातलेलं सूप फ्रीझरमध्ये दोन महिने टिकतं, म्हणून गोठवायचं असेल तेवढं आधीच वेगळं काढा. जास्तीचा भाजलेला लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवण्याची पद्धत मात्र सोडून द्या. तेलाखाली हवा पोचत नाही आणि अशा ठिकाणी घातक जिवाणू वाढू शकतात. तो फ्रिजमध्येच ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

दुसऱ्या दिवशी सूप दाट झालेलं असेल. अर्धी वाटी कढत पाणी घालून, तळ ढवळत, पूर्ण उकळी येईपर्यंत गरम करा, मीठ-लिंबू पुन्हा चाखून घ्या, आणि फोडणी ताजी द्या.